आधी दाते मोजा, मग टायर घ्या

गॅरेजच्या दारातून : वाचकांचे प्रश्न

मे संपत आला की टपालाचा नूर बदलतो. एसी थंड करत नाही, रेडिएटर उकळतो ही रड मागं पडते आणि ‘गाडी उचलायची आहे, केवढा टायर बसेल?’ ही पत्रं सुरू होतात. कोल्हापूरच्या आमच्या गॅरेजात तर या दिवसांत रोज कुणीतरी मोबाईलवर फोटो घेऊन येतो आणि म्हणतो, ‘मेस्त्री, अशी करायची.’ म्हणून या महिन्यात तीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे 2011 ची जिप्सी किंग आहे. वस्ती पाटण खोऱ्यात, शेवटचा टप्पा कच्चा आणि मध्ये एक ओढा. ओळखीच्या मेस्त्रींनी पाटे (लीफ स्प्रिंग) अ‍ॅक्सलच्या वर घेऊन गाडी उंच करायला आणि 31 इंची टायर टाकायला सांगितलंय. इंजिनला जड जाईल का? गिअर बदलावे लागतील का? — एक शिक्षक, पाटण

जाईल, गुरुजी. किती जड, ते तुम्हाला गणितातच सांगतो.

जिप्सीचा मूळ टायर 205/70 आर 15. 205 मिलिमीटर रुंदीचे 70 टक्के म्हणजे 143.5, ही टायरची एका बाजूची भिंत. वरची आणि खालची मिळून 287. त्यात रिमचे 15 इंच, म्हणजे 381, मिळवा. उंची झाली 668 मिलिमीटर. 31 इंची टायर 787 मिलिमीटरचा. म्हणजे चाक जवळपास 18 टक्के उंच झालं. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी 18 टक्के जास्त पुढं जाणार, आणि तेवढाच प्रत्येक गिअर लांबणार. पहिला गिअर पहिल्यासारखा राहणार नाही, तो पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये कुठंतरी जाऊन बसेल. आणि हे सगळं ओढायचं कुणी? 1298 सीसीच्या इंजिननं. त्याची 80 अश्वशक्ती 6000 फेऱ्यांना मिळते, 103 न्यूटन मीटर ओढ 4500 ला. ओढ्यातून वर येताना तुम्ही असणार 1500 फेऱ्यांवर. तिथं हे इंजिन आधीच लाजतं. मग तुम्ही क्लच अर्धा दाबून धरणार आणि चढ संपायच्या आत क्लचप्लेटचा वास केबिनमध्ये येणार. मागं घेताना तर हमखास.

आता उंचीबद्दल. पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतले की बॉडी चार-पाच इंच वर जाते, गाडी रुबाबदार दिसते. पण ओढ्यातला धोंडा लागतो कुठं? अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याला, जिथं क्राऊन आणि पिनियन, म्हणजे शाफ्टची ओढ चाकांकडं वळवणारी मोठ्या-लहान गिअरची जोडी, बसलेले असतात. गाडी कितीही उचला, तो गोळा होता तिथंच राहतो. त्याला वर नेतो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या उंचीच्या निम्मा. 31 इंचीनं गोळा जेमतेम 60 मिलिमीटर वर जाईल. 235/75 आर 15 टाकलात तर त्याची उंची 733 मिलिमीटर, गोळा 33 मिलिमीटर वर, आणि गिअर सुमारे 10 टक्केच लांबतील. मधल्या 27 मिलिमीटरसाठी केवढा खर्च आणि केवढा त्रास ते तुम्हीच ठरवा.

पाटे वर घेण्याचं आणखी एक दुखणं आहे. जोर लागला की अ‍ॅक्सल पाट्याला पिळतो, पाट्याला आडवं नागमोडी वळण पडतं, पिनियनचं नाक वर उचललं जातं आणि प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटतो. टायर जेवढा मोठा तेवढा पीळ जास्त. शिवाय स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, त्यामुळं खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. पाटण खोऱ्यात आडव्या उताराचे रस्ते किती, हे मी तुम्हाला काय सांगू. तिथं गाडीचा भार पाच इंच वर नेऊन ठेवणं मला पटत नाही.

गिअरचं म्हणाल तर जिप्सीचं एक भलं आहे. हिची ट्रान्सफर केस, म्हणजे ओढ पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून सुटी, मागं वेगळी टांगलेली असते. हायला (नेहमीच्या चालीला) 1.409 आणि लोला (सावकाश, जास्त ओढीच्या चालीला) 2.268 असं तिचं प्रमाण आहे. हिचीच परदेशातली बहीण सामुराई, तिच्यासाठी 4.16 लोचा गिअरसेट मिळतो. तो या केसमध्ये बसतो. एक डबा उघडला की पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलचं काम झालं. लोमध्ये गाडी निम्म्याच्या आसपास वेगानं सरकते, क्लचला हात लावावा लागत नाही. सेट बाहेरून मागवावा लागतो आणि स्वस्त नाही. उलट क्राऊन-पिनियन बदलायचा तर पुढचाही बदलावा लागतो आणि मागचाही, दोन्ही एकाच प्रमाणाचे. एकच बदलून फोर बाय फोर लावलात तर पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि त्यात ट्रान्सफर केस मरते.

माझं मत विचाराल तर 235/75 आर 15, दातेरी ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या दोन्हीला चालणारा), पाट्याचा सेट दोन इंच उंचीचा पण अ‍ॅक्सलच्या खालीच, आणि उरलेल्या पैशात चारी शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे. 31 इंचीचा हट्ट असलाच तर आधी ट्रान्सफरचे गिअर आणा, बसवा, चालवून बघा, मग टायर. उलट्या क्रमानं जाणारे टायर घेतात आणि गिअरचे पैसे उरत नाहीत.

एक शेवटचं, सगळ्यांसाठीच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांनुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. उंच केलेली गाडी अपघातात सापडली तर विमावाला पहिला फोटो खालून काढतो. काम करायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

प्रश्न : पाच दारी जिम्नी, मॅन्युअल. दोन इंच लिफ्ट आणि 235/75 आर 15 टायर असा बेत आहे. मित्र म्हणतात 215/75 पुरे. कोण बरोबर? आंबोली घाटातून आठवड्याला जाणं-येणं आहे. — एक डॉक्टर, सावंतवाडी

मित्र.

मूळ टायर 195/80 आर 15, उंची 693 मिलिमीटर. 215/75 चा 703. फरक दीड टक्का, गाडीला कळणारसुद्धा नाही, लिफ्टचीही गरज नाही. 235/75 चा 733, म्हणजे जवळपास सहा टक्के. तुमच्या गाडीचा क्राऊन-पिनियन 4.09 चा आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट 4.09 वेळा फिरतो. सहा टक्के उंच चाक लावलं की इंजिनला तो 3.86 चा वाटायला लागतो. पाचवा गिअर सरळ, म्हणजे 1.00. ताशी 80 ला आज इंजिन सुमारे 2500 फेऱ्यांवर असतं, ते 2370 वर येईल. कागदावर हे पेट्रोल वाचल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात 134 न्यूटन मीटरचं इंजिन, पुढं हवा कापायला चौकोनी डबा, आणि वर जड टायर. थोडा चढ आला की चौथ्यात यावं लागणार. घाटात तर पाचवा विसराच. अ‍ॅव्हरेज कमीच होतं, वर मीटर कमी किलोमीटर मोजतं म्हणून ते आहे त्याहून वाईट दिसतं.

लोमध्ये मात्र फार बिघडत नाही. पहिला गिअर 4.425, ट्रान्सफरचा लो 2.002, क्राऊन 4.09, तिघांचा गुणाकार 36 च्या पुढं. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन 36 वेळा फिरतं. 235 टाकल्यावर तो 34 च्या तोलाचा होतो. इंजिन 800 फेऱ्यांवर सोडून दिलं तर गाडी आजही ताशी तीन किलोमीटरच्या खाली सरकते, तेव्हा तीनच्या किंचित वर. कोकणातल्या पायवाटेवजा रस्त्यांना हे चालून जातं. अडचण रोजच्या डांबरी रस्त्यावर आहे, आणि तुमची गाडी 100 पैकी 95 किलोमीटर तिथंच चालणार.

दोन इंच लिफ्टचे दोन त्रास आधी ऐकून ठेवा. जिम्नीचे दोन्ही अ‍ॅक्सल सलग, वर कॉइल स्प्रिंग. गाडी उचलली की पुढचा अ‍ॅक्सल आपल्या लिंकवर किंचित गोल फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या आसाचा मागं झुकलेला कोन, कमी होतो. मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, ताशी 80 ला गाडी डुलायला लागते. त्याला वेगळे बुश मिळतात, ते लिफ्टच्या बिलातच धरा. दुसरं, अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड. गाडी वर गेली की तो अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. मागून बघितलं तर एक टायर मडगार्डच्या बाहेर, दुसरा आत. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लावला की हे जातं. लिफ्ट विकणारे हे दोन्ही भाग किटमध्ये देत नाहीत आणि विचारल्याशिवाय सांगतही नाहीत.

डॉक्टर, तुमच्याकडं टायर फाटतो तो उंचीला कमी पडून नव्हे. जांभ्याची तोडलेली कड टायरच्या भिंतीत घुसते. तेव्हा माप 215/75 ठेवा आणि पैसे भिंत मजबूत असलेल्या टायरमध्ये घाला. चिखलात हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा. टायर जमिनीवर लांबट पसरतो, आणि सहा टक्के उंचीनं मिळणार नाही एवढी पकड फुकटात मिळते. डांबरीवर यायच्या आधी परत भरा, कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा.

प्रश्न : जुनी थार सीआरडीई घेतली. आधीच्या मालकानं रुंद 12.5 इंची मड टायर लावलेत आणि ‘क्राऊनपण बदललाय’ असं म्हणतो. कागद काही नाही. खरं कसं ओळखू? आणि शेतात काळ्या मातीत हीच गाडी अडकते, शेजाऱ्याची जुनी जीप निघते. असं का? — लातूरहून

पहिल्याचं उत्तर खडूत आहे.

गाडी सपाटीला लावा. एक मागचं चाक जॅकवर उचला, बाकीच्या तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर टू-हायला (फक्त मागची चाकं जोडलेली), हॅण्डब्रेक सोडलेला. प्रॉपेलर शाफ्टवर खडूनं एक रेघ मारा, समोर चेसिसवर दुसरी. टायरवरही एक खूण करा. आता उचललेलं चाक हातानं सावकाश बरोबर दोन फेरे फिरवा आणि खाली झोपलेल्या माणसाला शाफ्टचे फेरे मोजू द्या. एकच चाक फिरतंय म्हणून दोन फेरे. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गोळ्यातला गिअरसंच, त्याचा एक करून क्राऊनला देतो. शाफ्ट पावणेचारला जरा कमी फिरला तर 3.73. चार आणि वर थोडासा, तर 4.10. पाचला जरा कमी, तर 4.88. घाई केलीत तर पाव फेरा चुकतो, म्हणून दोनदा मोजा. मग पुढच्या एका चाकाला तेच करा. हब लॉक होणारे असतील तर लॉक करून. पुढचा आणि मागचा आकडा जुळला नाही तर फोर बाय फोरचा लिव्हर हातातसुद्धा धरू नका, आधी माझ्यासारख्या कुणाकडं तरी या.

त्या आकड्यामागं दाते असतात. क्राऊनला 41 आणि पिनियनला 11, भागाकार 3.73. पिनियनला 10 केले की 4.10. जुन्या विलिस जीपला 43 आणि 8, म्हणजे 5.38 असायचा. आकडा वाढतो तसा पिनियन बारीक होतो आणि एका वेळी कमी दाते भिडतात. म्हणून ओढ वाढली तरी दाताचं बळ घटतं, हेही ध्यानात ठेवा. मोठा टायर, बारीक पिनियन आणि एक्सलेटरवर जड पाय असे तिघं एकत्र आले की गोळ्यातून टकटक ऐकू येते.

आता काळी माती. शेजाऱ्याच्या जीपला बहुतेक 6.00-16 चे अरुंद टायर असतील. अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थरावर उभा राहतो. तुमचा साडेबारा इंचाचा टायर वरच तरंगतो, आणि आपली काळी माती दात्यांच्या फटीत बसली की सुटत नाही. दोन फेऱ्यांत मड टायरचा गुळगुळीत गोळा होतो. तो वाळूसाठी, भुसभुशीत जमिनीसाठी चांगला. तुमच्या शेतासाठी नाही. कंपनीचा 235/70 आर 16 परत लावा, किंवा त्याच उंचीचा आणखी अरुंद मिळाला तर तो. क्राऊन खरंच बदललेला निघाला तर लहान टायरवर गाडी शेतात ट्रॅक्टरसारखी ओढेल, फक्त हायवेला इंजिन ओरडेल. आणि पाऊस पडल्यावर दोन दिवस शेतात गाडी घालूच नका, कुठलाही टायर असला तरी.

प्रश्न : डेनव्हरला असतो. रँग्लर स्पोर्ट, 3.6 लिटर, आठ गिअरची ऑटोमॅटिक. लिफ्ट करून 35 इंची टायर लावले. गाडी सारखी गिअर बदलत बसते. इथले लोक क्राऊन 4.56 चा लाव म्हणतात, काही 4.88. मासिक आईकडून येतं, म्हणून तुम्हालाच विचारतो. — कोलोराडोहून

आईंना नमस्कार सांगा.

तुमच्या स्पोर्टला 3.45 चा क्राऊन आणि मूळ टायर 245/75 आर 17, म्हणजे 799 मिलिमीटर. 35 इंच म्हणजे 889. जुना आकडा गुणिले नवी उंची, भागिले जुनी उंची: 3.45 चे 3.84 हवेत, तेव्हा गाडी फक्त होती तशी होईल. त्यात टायरचं वजन आणि उंच गाडीला लागणारा वारा धरलेला नाही. म्हणून 3.84 वर थांबून भागत नाही. आणि तुमच्याकडं तिसरी गोष्ट आहे, उंची. डेनव्हर समुद्रसपाटीपासून 1600 मीटरवर, आणि कोलोराडोतल्या इमोजीन पाससारखी वाट 13,114 फुटांवर. चार हजार मीटरवर हवा समुद्रकाठच्या दोन तृतीयांश दाट असते. टर्बो नसलेल्या इंजिनचं बळ साधारण त्याच हिशोबानं घटतं. म्हणजे तिथं तुमच्या 285 अश्वशक्तीतली एक तृतीयांश हवेतच गेली.

आठव्या गिअरचं प्रमाण 0.67. ताशी 75 मैलांना सध्या इंजिन 1650 च्या आसपास फिरतंय, म्हणून गिअरबॉक्स आठव्यात टिकत नाही. 4.56 टाकलात तर 2200. 4.88 टाकलात तर 2350. या इंजिनला 2200 सोसतातच, आवडतातही. हायवेवर बराच वेळ जात असेल आणि 37 इंचीचं खूळ डोक्यात नसेल तर 4.56. शनिवार-रविवार डोंगरातच काढत असाल, किंवा पुढं 37 घेणार असाल, तर 4.88. मी तुमच्या जागी 4.56 घेईन. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर 4.71, ट्रान्सफरचा लो 2.72, त्यात 4.56 गुणलं की 58 होतात. पूर्वी 44 होते. रँग्लरच्याच रुबिकॉन या डोंगरी मॉडेलचे 77 आहेत, पण तिच्या ट्रान्सफरचा लोच 4 चा असतो, तिच्याशी बरोबरी करायला जाऊ नका.

काम कुणाला देता ते महत्त्वाचं. दात्यांना मार्किंगची पेस्ट लावून क्राऊन फिरवला की दाताच्या कडेवर ठसा उमटतो. तो दाताच्या मधोमध हवा. टोकाकडं किंवा बुडाकडं सरकला तर पिनियनखालची शिम (पातळ चकती) बदलायची आणि पुन्हा ठसा घ्यायचा. क्राऊन-पिनियनमधली मोकळीक 0.15 ते 0.25 मिलिमीटर. ठशाचे फोटो मागा. ‘आम्ही अंदाजानं बसवतो’ म्हणणाऱ्याकडून किल्ली परत घ्या. गाडी मिळाल्यावर आधी पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवून पूर्ण गार होऊ द्या, असं तीन-चार वेळा. पहिल्या 500 मैलांनंतर दोन्ही गोळ्यांचं तेल बदला. तेलात चकचकीत चुरा दिसेल, घाबरू नका. तुकडे दिसले तर घाबरा.

प्रश्न : चार टायर मोठे घेतले, स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली तर चालेल का? — नाशिकहून

पंक्चर काढून घेण्यापुरती चालेल. मागच्या एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठा टायर असला की डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं आणि तापतं. शक्यतो ती पुढं लावा, मागं एकाच मापाची जोडी ठेवा, ताशी 50 च्या आत चालवा आणि फोर बाय फोर अजिबात नको. पाचवा टायर मोठा घेणार असाल तर मागच्या दाराचे बिजागर आधी दाखवून घ्या. जड स्टेपनीनं दार खाली लोंबतं, मग बिजागराच्या मुळाशी पत्र्याला चीर जाते.